‘इतर’ या रकान्यातले आपण

(शताब्दीनिमित्त हार्बरफ्रंट येथे झालेल्या सभेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दी म्हटली की मागे वळून पाहायचं असतं. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी आणि या स्मरणिकेतल्या लेखकांनी मनापासून केलं आहे. आमच्या वाट्याला आलेलं काम त्यामानाने कोरडं आहे. आकड्यांतून आजचा समाज कसा दिसतो ते सांगा, असं आम्हाला सांगण्यात आलं. आमच्यापैकी कोणी पेशाने समाजशास्त्रज्ञ नाही. पण छापलेला आकडा नीट वाचावा, तो कोणी आणि कशासाठी मोजला ते विचारावं, एवढी सवय आम्हाला आहे. त्या सवयीच्या जोरावर बोलतो.

सुरुवात आपण जिथे बसलो आहोत त्या जागेपासून करू. हार्बरफ्रंट हे नाव अलीकडचं. मेट्रोचं स्थानक इथे 2003 साली आलं, शेजारचा व्हिवोसिटी मॉल 2006 साली उघडला. त्याआधी याच धक्क्यावर वर्ल्ड ट्रेड सेंटर होतं. त्याच्याही आधी ही नुसती गोदी होती, न्यू हार्बर नावाची. 1900 साली तिला अॅडमिरल केपेल यांचं नाव मिळालं. पलीकडे विटांची उंच इमारत दिसते ती सेंट जेम्स वीजघराची. तिथे 1927 साली कोळशावर वीज तयार होऊ लागली. म्हणजे आपण ज्या काळाची शताब्दी साजरी करतो आहोत त्या काळात इथे दुकानं नव्हती, कोळसा होता, क्रेन होत्या आणि बोटी होत्या.

त्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी असत. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर कोकणातल्या खलाशांच्या पिढ्यानुपिढ्या गेल्या. पूर्वेकडच्या बंदरांत बोट लागली की ते उतरत, कोळसा आणि पाणी भरून झालं की पुन्हा चढत. त्यांच्याही आधी, 1825 पासून 1873 पर्यंत, हिंदुस्थानातून पाठवलेले शिक्षा झालेले कैदी या बेटावर होते. बंगाल आणि मद्रासप्रमाणे मुंबई इलाख्यातूनही ते पाठवले जात. इथले रस्ते त्यांनी खोदले, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या भिंती त्यांनी उभारल्या. ही माणसं आपल्या शंभर वर्षांच्या हिशेबात धरायची की नाही?

दुसऱ्या टोकाला नाव असलेली माणसं आहेत. सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले मराठा पलटणीतले अधिकारी होते. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा ते इथे युद्धकैदी झाले आणि पुढे आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून इतिहासात गेले. स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरीतून खासदार आणि केंद्रात उपमंत्री झाले. इतिहास नाव असलेल्यांची नोंद ठेवतो. उरलेल्यांची नोंद ठेवायला खानेसुमारी लागते. म्हणून आजचा आमचा विषय खानेसुमारीचा आहे.

मोजण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये 1924 साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि भारतातल्या समाजशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या त्यांनी घडवल्या. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी गावोगाव हिंडून नातेसंबंधांचा नकाशा काढला. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करवली. दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली गरिबी रुपयांत मोजून दाखवली, तेव्हा दिल्लीला तिच्याकडे पाहावंच लागलं.

यात एक नाव आम्हाला मुद्दाम घ्यायचं आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याचा अभ्यास करून तो 1917 साली प्रसिद्ध केला. त्या गावात 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमाराला 7 एकरांवर आली होती. हे गाव कोणतं? पिंपळे सौदागर! नाव ऐकून काही मंडळी हसली, कारण या सभागृहातल्या किती जणांचे फ्लॅट आज त्या गावात आहेत हे आम्हाला साधारण ठाऊक आहे. जमीन तुकड्यातुकड्यांनी कमी झाली, मुलं शहरात आली, शहरातून मुंबईला आणि मुंबईतून इथे आली. मान यांनी शेताचे बांध मोजले नसते तर आपण का निघालो याचं निम्मं उत्तर हरवलं असतं.

आता इथले आकडे. जून 2025 मध्ये सिंगापूरची लोकसंख्या 61 लाख 10 हजारांच्या आसपास होती. त्यात नागरिक सुमारे 36 लाख 60 हजार, पीआर म्हणजे कायम रहिवासी सुमारे 5 लाख 40 हजार, आणि अनिवासी सुमारे 19 लाख 10 हजार. सोप्या भाषेत, या बेटावरच्या दर दहा माणसांतली तीन माणसं पासवर आहेत. आज इथे आहेत, पास संपला की नसतील. खलाशी बोटीवर चढायचा तसंच, फक्त बोट आता चांगीहून सुटते.

नागरिक आणि पीआर मिळून जो रहिवासी समाज होतो त्याची दर दहा वर्षांनी जनगणना होते. 2020 च्या जनगणनेत चिनी 74.3 टक्के, मलय 13.5 टक्के, भारतीय 9 टक्के आणि इतर 3.2 टक्के, असे चार रकाने आहेत. भारतीयांच्या रकान्यात भारताबरोबर पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका इथून आलेल्या घराण्यांचे लोकही येतात. 1990 साली हा रकाना 7.1 टक्क्यांचा होता. वाढला तो मुख्यतः नव्याने आलेल्या शिकलेल्या लोकांमुळे, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांमुळे. 25 वर्षांवरच्या भारतीय रहिवाशांत दहातले चार आज विद्यापीठाचे पदवीधर आहेत.

मग मराठी कुठे? या चार रकान्यांत तिला जागा नाही. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा ठळक तक्ता पाहिला तर इंग्रजी, मँडरिन, चिनी बोली, मलय, तमिळ आणि शेवटी ‘इतर’. आपण त्या शेवटच्या शब्दात राहतो. भारतात 2011 च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही 8 कोटी 30 लाख लोकांची मातृभाषा, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी तिला अभिजात दर्जा मिळाला. आणि विमानाच्या पाच-साडेपाच तासांच्या अंतरावर तिचा मुक्काम ‘इतर’मध्ये. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. रकाने राज्यकारभाराच्या सोयीसाठी पाडलेले असतात. पण जे राज्याच्या सोयीचं नाही ते आपल्या गरजेचं असू शकतं, आणि ते आपणच करायचं असतं.

रकाना किती महत्त्वाचा असतो याचं एक उदाहरण सर्वांनी पाहिलं आहे. 2020 साली करोनाच्या दिवसांत रोज संध्याकाळी रुग्णांचे आकडे जाहीर होत. त्यात शहरातल्या लोकवस्तीतले रुग्ण वेगळे आणि कामगारांच्या डॉर्मिटरीतले वेगळे असत. डॉर्मिटरीत तेव्हा सुमारे 3 लाख 23 हजार कामगार होते. डिसेंबर 2020 मध्ये सरकारने जाहीर केलं की त्यांतल्या 47 टक्के लोकांना लागण होऊन गेली होती. दोन रकाने पाडले म्हणून एका खोलीत दाटीने राहणं म्हणजे काय हे सगळ्या देशाला दिसलं, आणि राहण्याच्या जागेचे नियम बदलण्यावर चर्चा सुरू झाली. तेच दोन रकाने पाहून आपल्यातल्या काहींनी ‘आपल्याकडचा आकडा कमी आहे’ म्हणून सुटकेचा श्वासही टाकला. आकडा डोळे उघडतो आणि डोळे मिटायची सोयही करून देतो. कोणतं करायचं ते वाचणाऱ्यावर असतं.

आता आपल्या घरात शिरू. चार गोष्टी बोलतो: भाषा, बायकांचं काम, आईवडील आणि मुलं.

पहिली भाषा. 2010 साली सिंगापूरच्या रहिवाशांपैकी 32.3 टक्के लोक घरात सर्वाधिक इंग्रजी बोलत. 2020 साली ते 48.3 टक्के झाले. भारतीयांमध्ये हाच आकडा 41.6 वरून 59.2 वर गेला. तमिळ ही इथली राजभाषा आहे. तिला शाळा आहेत, आकाशवाणी आहे, दूरचित्रवाणी आहे, 1935 पासून चालत आलेलं ‘तमिळ मुरसू’ हे दैनिक आहे. तरीही घरात प्रामुख्याने तमिळ बोलणाऱ्या भारतीयांचं प्रमाण दहा वर्षांत 36.7 वरून 27.9 टक्क्यांवर आलं. एवढं पाठबळ असलेल्या भाषेची ही गत, तर जिच्यामागे आठवड्याचा एक वर्ग आणि वर्षाचा एक गणपती आहे तिची काय असेल याचा अंदाज करायला गणितज्ञ नको.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘सर्वाधिक बोलली जाणारी’ असा प्रश्न विचारला की दुसऱ्या क्रमांकाची भाषा झाकली जाते. घरात इंग्रजी सर्वाधिक बोलणाऱ्यांपैकी सुमारे 87 टक्के लोक घरात आपली दुसरी भाषाही बोलतात, असं त्याच जनगणनेत आढळलं. म्हणजे भाषा मेलेली नाही. ती ओसरीवर बसली आहे. आपल्या घरांतही हेच चालतं. आई मराठीत विचारते, मुलगी इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. प्रश्न त्या मुलीच्या मुलीचा आहे. तिला मराठीत विचारणारं कोणी असेल का?

शाळेचं गणितही समजून घ्या. 1966 पासून इथे प्रत्येक मुलाला इंग्रजीबरोबर ‘मातृभाषा’ शिकावी लागते, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तिचे गुण धरले जातात. भारतीय मुलांसाठी तमिळ आहे, आणि 1990 च्या दशकापासून बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी व उर्दू याही भाषा आहेत. या पाचांत मराठी नाही. त्यामुळे स्थानिक शाळेत जाणारं मराठी मूल बहुधा हिंदी घेतं, आणि शाळेच्या कागदावर त्याची मातृभाषा हिंदी होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सोमवार ते शुक्रवार सांगितलं जातं की तुझी मातृभाषा हिंदी, आणि रविवारी आपण त्याला सांगतो की तुझी मातृभाषा मराठी. मूल दोन्ही ऐकून घेतं आणि इंग्रजीत खेळायला जातं.

बंगाली आणि गुजराती समाजाची भाषा त्या यादीत आहे ती नुसत्या भाषाप्रेमाने राहिलेली नाही. शनिवारचे वर्ग चालवणं, शिक्षक तयार करणं, अभ्यासक्रम लावणं, परीक्षेला बसणारी मुलं दर वर्षी मिळवणं, हे सगळं समाजाच्या संस्थांनी अंगावर घेतलं. आपण त्या यादीत जावं असं म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न असतो. पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्षी किती मुलं आहेत, ते सांगता येईल का? आकडा नसलेला अर्ज कुठल्याही कचेरीत टिकत नाही.

भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी 1991 साली भाषा टिकण्याच्या आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिची सहावी पायरी म्हणजे घरात एका पिढीने दुसरीशी त्या भाषेत बोलणं. ही पायरी मोडली तर वरच्या पायऱ्यांवर कितीही संमेलनं भरवली तरी शिडी उभी राहत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आपली नाटकं, दिवाळी अंक, ढोल-ताशे, सगळं हवं. पण ते जेवणाच्या टेबलावरच्या मराठीला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, बायकांच्या कामाची. आपल्यातली बरीच कुटुंबं नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली आणि बायको डिपेन्डन्ट पासवर आली. डिपेन्डन्ट म्हणजे अवलंबून! इंजिनिअर, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट बाईच्या पासवर हा शब्द छापलेला असतो. पूर्वी अशा बाईला नोकरी मिळाली तर मालकाने एक संमतिपत्र मिळवलं की काम भागत असे. 1 मे 2021 पासून तिलाही नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. 1 सप्टेंबर 2023 पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी कॉम्पास नावाची गुणपद्धती आली. त्यात पास व्हायला 40 गुण लागतात, आणि त्यातले काही गुण त्या कंपनीत एका देशाचे किती लोक आहेत यावर ठरतात. कंपनीत त्या देशाचे लोक 5 टक्क्यांहून कमी असले तर 20 गुण, 25 टक्के किंवा जास्त असले तर शून्य. ज्या क्षेत्रांत भारतीयांची गर्दी आहे तिथेच आपल्या बायकांचं शिक्षण झालेलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

या नियमांमागे यजमान देशाची काळजी आहे, आणि आपल्या नागरिकांना आधी काम मिळावं असं कुठल्याही देशाला वाटणारच. आमचं म्हणणं नियमांविषयी नाही, त्याच्या घरातल्या परिणामाविषयी आहे. पाच-सात वर्षं नोकरीबाहेर गेलेली बाई परत कामाला लागते तेव्हा ती मागच्या पायरीवरून सुरुवात करते. या काळात तिने मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं आणि मंडळाचा कार्यक्रम सांभाळलेला असतो. मंडळ चालतं ते बहुतेक अशा बायकांच्या बिनपगारी तासांवर. कार्यकारिणीच्या अहवालात हॉलचं भाडं येतं, नाश्त्याचा खर्च येतो. हे तास कोणत्या खात्यात धरायचे?

आणि याच घरात आणखी एक बाई असते. सिंगापूरमध्ये घरकामासाठी राहणाऱ्या परदेशी बायका सुमारे 3 लाख आहेत, म्हणजे दर पाच घरांमागे साधारण एक. त्यांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती 2013 पासून. आपल्या मुलाचे पहिले शब्द पुष्कळदा तिच्याशी बोलण्यात उमटतात, आजीला उठवून खुर्चीत बसवणारे हातही तिचेच असतात. तिची मुलं मात्र इलोइलोला किंवा जावातल्या एखाद्या गावी फोनवर वाढत असतात. आपण आपल्या दूर राहिलेल्या आईवडिलांविषयी हळवे होतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट आईवडिलांची. सिंगापूर झपाट्याने म्हातारं होतं आहे. नागरिकांत दर पाचातला एक आज 65 वर्षांवरचा आहे. 2030 पर्यंत चारातला एक होईल. महाराष्ट्र त्याच वाटेवर आहे, थोडा मागून. 2011 साली तिथे 60 वर्षांवरचे लोक 9.9 टक्के होते, आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आला. लोकसंख्या स्थिर राहायला तो 2.1 लागतो. म्हणजे आज पुण्या-नाशकात सत्तरीत असलेल्या जोडप्यांना दोन मुलं आहेत, आणि त्या मुलांना बहुतेक एकच. दोन मुलांतलं एक इथे आणि एक अमेरिकेत असेल तर तिथे कोण, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: शेजारी, वॉचमन आणि व्हिडिओ कॉल.

त्यांना इथे का आणत नाही, असं लोक सहज म्हणतात. पासवर असलेल्या माणसाला आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणायचं तर त्याचा ठरलेला मासिक पगार किमान 12,000 डॉलर असावा लागतो. बायको-मुलांसाठी ही रेषा 6,000 डॉलरची आहे. म्हणजे 6,000 ते 12,000 च्या मधल्या पगारदाराचं कुटुंब नियमाने अर्धं होतं. त्यापलीकडे आजारपणाचा खर्च आहे, आणि मुख्य म्हणजे आईवडिलांची स्वतःची इच्छा आहे. पंधराव्या मजल्यावर दिवसभर कोणाशी बोलायचं? तिथला कट्टा, भाजीवाला, देवळातली काकड आरती सोडून ते कशाला येतील?

कायदे दोन्हीकडे आहेत. सिंगापूरने 1995 साली आईवडिलांच्या पोषणाचा कायदा केला, भारताने 2007 साली केला. दोन्ही कायदे पैशाची सोय करतात. आपल्यातल्या बहुतेकांचे पैसे वेळेवर जातात. कायद्यात न बसणारी गोष्ट म्हणजे सोबत, आणि आपल्या समाजाचा खरा प्रश्न तोच आहे. रात्री दोन वाजता तिकडून फोन आला तर पहिल्या तासात तिथे कोण पोचेल? हा प्रश्न प्रत्येक घर एकेकटं सोडवत बसलं आहे. ठाण्यात, कोथरूडमध्ये, सांगलीत आपल्यातल्या अनेकांचे आईवडील एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात आणि त्यांना ते माहीतही नाही. एक यादी झाली तर त्यांची ओळख होईल.

चौथी गोष्ट मुलांची. सिंगापूरचा जननदर 2023 साली पहिल्यांदा एकच्या खाली, 0.97 वर गेला, आणि 2024 सालीही तिथेच राहिला. या देशाला मुलं हवी आहेत, आणि आपण ती वाढवतो आहोत. पण ती कुठली होणार, हा निर्णय त्यांच्या मिसरूड फुटण्याआधी घ्यावा लागतो. आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलाला दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा करावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, सिंगापूरही देत नाही. त्यामुळे मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की आपल्या घरांत दार लावून बोलणी सुरू होतात. राहायचं की निघायचं? काही कुटुंबं गणवेशातल्या मुलाचे फोटो अभिमानाने पाठवतात. काही कुटुंबं त्याआधीच पुण्याला किंवा ऑस्ट्रेलियाला जातात. दोघांचेही हिशेब प्रामाणिक असतात, आणि दोघांनाही एकमेकांविषयी काहीतरी म्हणायचं असतं. ते आपण सभेत कधी बोलत नाही, पार्किंगमध्ये बोलतो.

राहणाऱ्यांसाठी घराचाही आकडा आहे. इथले तीन-चतुर्थांशांहून अधिक रहिवासी एचडीबीच्या इमारतींत राहतात, आणि 1989 पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा आहे. भारतीय आणि इतर मिळून ती वस्तीमागे 12 टक्के आणि इमारतीमागे 15 टक्के. घर विकताना हा नियम कधी अंगाशी येतो. पण त्याचा दुसरा अर्थ पाहा: दादर नाही, कोथरूड नाही, मराठी वाडा कधी तयारच होणार नाही. आपला शेजारी चिनी किंवा मलयच असणार. म्हणून इथली मराठी भाषा गल्लीच्या आधाराने जगू शकत नाही. तिला ठरवून भेटावं लागतं. आमच्या मते या धोरणाने आपल्याला शेजाऱ्याच्या हरी रायाला जायला आणि त्याला दिवाळीचा फराळ द्यायला शिकवलं, हा नफा लहान नाही.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग करायचं काय? आमच्याकडे मोठी योजना नाही. एक लहान सूचना आहे. हॅरल्ड मान यांनी एक गाव घरोघर जाऊन मोजलं. आपलं गाव त्याहून फार मोठं नाही, फक्त विखुरलेलं आहे. आपली खानेसुमारी आपण करावी.

प्रश्न सहाच असावेत. घरातलं पहिलं माणूस इथे कोणत्या साली आणि कशासाठी आलं? घरातली मुलं आईशी, वडिलांशी आणि आपसांत कोणत्या भाषेत बोलतात? मुलांनी शाळेत कोणती भाषा घेतली आहे आणि ती कितवीत आहेत? घरात नोकरी सोडलेलं किंवा परत शोधत असलेलं कोणी आहे का? आईवडील कोणत्या गावी, कोणाबरोबर राहतात? आणि पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल असं वाटतं? पगार, जात, पासचा प्रकार विचारू नये. नावं बाहेर जाऊ देऊ नयेत. पासवर असलेल्या माणसाला आपली माहिती कुठे पोचेल याची धास्ती असते, ती खरी मानून चाललं पाहिजे. जे बांधकामाच्या आणि जहाजदुरुस्तीच्या कामावर आहेत, ज्यांची वर्गणी कधी आली नाही आणि ज्यांना या सभेचं निमंत्रणही पोचलं नसेल, त्यांच्यापर्यंत तरुण मुलांनी स्वतः जावं. नाही तर आपल्याच पाहणीत आपण पुन्हा एक ‘इतर’ तयार करू.

उत्तरं आली की काही गोष्टी लगेच करता येतील. मुलांची इयत्तावार संख्या हाती आली तर मराठीच्या परीक्षेची मागणी कागदावर करता येईल, किंवा ती करण्यात अर्थ नाही हे तरी कळेल. कामाला परतू पाहणाऱ्या बायकांना आधी परतलेल्या बायकांशी जोडता येईल. आईवडिलांच्या गावांची यादी झाली की तिकडे पाच-पाच घरांचे गट करता येतील. आणि निघून जाणाऱ्यांची नोंद राहील. पुढच्या शताब्दीला कोणी विचारलं की तेव्हाचे लोक कोण होते, तर खलाशांसारखे आपण निनावी राहणार नाही.

स्मरणिकेच्या संपादकांना आम्ही विनंती केली आहे की शेवटचं पान जाहिरातीला न देता या सहा प्रश्नांसाठी कोरं ठेवावं. त्यांनी ती मान्य केली आहे. घरी गेल्यावर ते पान भरा, शक्यतो मुलांना बरोबर घेऊन, आणि दुसरा प्रश्न मुलांना स्वतःच्या हाताने लिहू द्या. भरलेलं पान कापून पुढच्या कार्यक्रमाला दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका. नाव लिहायची गरज नाही.